रंगाचं पाणी

ठाणाकुशनूरच्या मराठी शाळेत मी रुजू झाले तेव्हा आमचं राज्य म्हैसूर होतं. हजेरीपटावरचे मथळे कानडीत, मुलांची नावं मराठीत, आणि गावातली जुनी माणसं अजून सरकारी अर्ज उर्दूतच लिहून घ्यायची. मला बाविसावं वर्ष लागलं होतं. लग्नाला वर्ष झालं होतं. नवरा गुलबर्ग्याला बांधकाम खात्यात कारकून होता. महिन्यातून दोनदा शनिवारच्या शेवटच्या गाडीनं यायचा आणि सोमवारी पहिल्या गाडीनं जायचा.

शाळेच्या मागं शिक्षकांसाठी बांधलेल्या दोन खोल्या होत्या. एकीत मोडके बाक आणि गेल्या निवडणुकीच्या पेट्या, दुसरीत मी. गावात मला खोली कुणी दिली असती की नाही, हे मी विचारायला गेलेच नाही. आम्ही छप्पन साली बौद्ध झालो तेव्हा मी चौथीत होते. वडील म्हणाले होते, "आता मान खाली घालून चालायचं न्हाई." मी चालत नव्हते. पण नकार ऐकायला दारोदार फिरायचीही मला हौस नव्हती. शाळेची खोली बरी होती.

खोलीच्या मागं कमरेएवढी दगडांची भिंत होती आणि भिंतीपलीकडं अक्काचं अंगण. अक्का धनगराची. वय पन्नाशीच्या आसपास, उंच, सावळी, हाताला गोंदलेलं. तिचे मालक आणि दोन्ही मोठी मुलं दिवाळी झाली की मेंढरं घेऊन निघायची ती पार वैशाखात परतायची. तोवर घरात ती एकटी आणि एक म्हातारी शेळी. माहेर आळंदकडं, निंबर्ग्याचं, म्हणून तिच्या बोलण्यात मराठीपेक्षा कानडी जास्त. शेळीशी तर ती कानडीतच बोलायची. माझ्याशी पहिलं वर्षभर ती फार बोलली नाही. "जेवण झालं का बाई?" एवढंच, तेही भिंतीपलीकडून.

दुसऱ्या वर्षी मार्गशीर्षात माझं बाळ गेलं. सातवा महिना संपत आला होता. पोटात हालचाल थांबली हे मला दोन दिवस कळलंच नाही. बैलगाडीनं रस्त्यापर्यंत, तिथून मोटारीनं बिदरला नेलं, पण तोवर सगळं संपलं होतं. मुलगी होती. मी तिला पाहिलं नाही. दवाखान्यात सगळे पाहू नकोस म्हणाले आणि मी ऐकलं. त्याचं मला पुढं फार दिवस वाईट वाटत राहिलं.

दीड महिना भालकीजवळ माहेरी राहून मी माघात परत कामावर आले. लोकांना वाटलं, सावरली. मी फळ्यावर गणित घालायची आणि उत्तर काढायच्या आधीच पुसून टाकायची. मुलं पाढे म्हणायची, ते मला लांबून कुठूनतरी ऐकू यायचे. शाळा सुटली की मी खोलीच्या मागच्या पायरीवर बसायची. स्टोव्ह पेटवायचा कंटाळा. मूठभर फुटाणे खाल्ले की झालं जेवण. रडायला येत नव्हतं. नुसती बसलेली असायची, आणि अंधार पडला की उठून आत जायची.

भिंतीपलीकडून अक्का हे रोज बघत होती. ती सांत्वनाला आली नाही. बाकी बायका आल्या होत्या. "देवाची मर्जी" म्हणाल्या, "तरणी हायस, व्हतील आणिक" म्हणाल्या. अक्कानं त्यातलं काहीच म्हटलं नाही. फाल्गुन लागला, शाळा सकाळची झाली, आणि एका दुपारी तिनं भिंतीवरून हाक मारली.

"ओ बाई, नुसतं बसून काय करायलाव? या इकडं. फुलं निवडू लागा."

मी उठले कशी, कोण जाणे. भिंतीला एक जागी दगड ढासळलेले होते, तिथून पलीकडं गेले. अंगणात पोत्यावर पळसाच्या फुलांचा ढीग पडला होता. एवढा ढीग मी कधी जवळून पाहिला नव्हता. फुलाच्या देठाकडं काळपट, मखमलीसारखी टोपी असते. ती काढायची, आतल्या मुंग्या झटकायच्या आणि पाकळ्या घमेल्यात टाकायच्या. एवढंच काम.

"कशाला ही?" मी विचारलं.

"रंगाला."

"कुणाच्या?"

"कुणाच्या म्हंजे? माज्या. वाकळंला कापड लागतंय. पांढरी चिंधी काय बघायची?"

अक्काकडं वाकळा होत्या सात-आठ. जुन्या लुगड्यांच्या, धोतरांच्या तुकड्यांच्या. पण ते तुकडे ती आधी रंगवायची. तिच्या माहेरी एक मावशी हे काम करायची, तिच्याकडून ती शिकली होती. बाजारात पुड्यातला रंग आला आणि हे सगळ्यांनी सोडून दिलं. अक्कानं सोडलं नाही. का, असं मी एकदा विचारलं तर म्हणाली, "माजा हात गप बसत न्हाई, बाई."

त्या दिवशी आम्ही संध्याकाळपर्यंत फुलं निवडली. दुसऱ्या दिवशी ती चुलीवर हंड्यात उकळली. पाणी आधी पिवळसर, मग गडद होत गेलं. अक्कानं तुरटीच्या पाण्यातून काढलेलं धोतराचं फडकं त्यात सोडलं आणि माझ्या हातात दांडका दिला. "ढवळा. थांबलाव की डाग पडतील." मी ढवळत राहिले. धूर डोळ्यांत जात होता, घाम येत होता, हात दुखत होता. फडकं बाहेर काढलं तेव्हा ते असं पिवळं झालं होतं की मला क्षणभर ओळखूच आलं नाही. मग अक्कानं कमरेची चंची काढली, पानाला लावायचा चुना चिमूटभर घेतला, उरलेल्या पाण्यात टाकला आणि दुसरं फडकं बुडवलं. ते केशरी झालं. त्याच पाण्यात, माझ्या डोळ्यांदेखत.

"हे कसं झालं?" मी विचारलं. दोन महिन्यांत मी आपणहून कुणाला विचारलेला तो पहिला प्रश्न असावा.

"मला काय म्हाईत. चुना घातला की व्हतंय," अक्का म्हणाली. "तुमी शिकल्यालं हाव, तुमी सांगा."

दुसऱ्या दिवशी वर्गात एका मुलीनं माझे हात बघून विचारलं, "बाई, हळद लागली का वो तुमाला?" सगळा वर्ग हसला. मीही हसले. हसल्यावर मला स्वतःचाच आवाज ऐकू आला.

मग रोज दुपारी मी भिंत ओलांडू लागले. डाळिंबाच्या वाळलेल्या साली, बाभळीची साल, कांद्याची टरफलं. गंजके खिळे आणि बैलाच्या पायाच्या नाली गुळाच्या पाण्यात बुडवून ठेवलेलं एक गाडगं होतं, त्याचा घाण आंबूस वास यायचा. त्यातलं पाणी जरा घातलं की कुठलाही रंग काळवंडायचा. एकदा मी डाळिंबाच्या पिवळ्या पाण्यात त्यातलं थोडं थोडं घालत गेले, पळीनं मोजून. तुकडा बुडवायचा, काढायचा, पुन्हा पळीभर घालायचं. शेवटी एक हिरवट राखाडी रंग आला, ओल्या भिंतीवरच्या शेवाळासारखा.

अक्कानं नाक मुरडलं. "ह्यो काय रंग झाला? वाळल्या पाल्याचा?"

"मला आवडला," मी म्हणाले.

"मंग ठिवा तुमच्याजवळ."

मी ठेवला. खोलीत खिळ्याला अडकवला आणि झोपण्याआधी बघत राहिले. हा रंग कुणी मला शिकवला नव्हता, माझ्या हातून झाला होता. त्या दिवसांत माझ्या हातून काही चांगलं होईल असं मला वाटतच नव्हतं, म्हणून त्याचं मला इतकं अप्रूप.

नवरा शनिवारी आला तेव्हा मी भाकरी थापत होते. तो दारातच उभा राहिला. माझ्या नखांना काळे-तपकिरी डाग, लुगड्यावर शिंतोडे. "हे काय?" म्हणाला. मी सगळं सांगितलं. तास-दीड तास मी एकटीच बोलत होते आणि तो जेवत ऐकत होता. पुढच्या खेपेला येताना त्यानं गुलबर्ग्याच्या बाजारातून तुरटीचा नारळाएवढा खडा आणला. बाळ गेल्यावर आम्ही दोघं एकमेकांशी नीट बोललो नव्हतो. काय बोलावं ते त्यालाही कळत नव्हतं. तो खडा पिशवीतून काढून त्यानं माझ्यासमोर ठेवला, तेव्हा मला पहिल्यांदा रडू आलं. तो गांगरला. "कमी पडंल का?" म्हणाला.

आता पाण्याचं सांगते. अक्काच्या अंगणात मला तहान लागली की ती घरातून तांब्या आणायची आणि मी ओंजळ धरायची. ती वरून धार धरायची. मला त्याची लहानपणापासून सवय होती. सवय होती म्हणजे लागत नव्हतं असं नाही. पण अक्का ते मुद्दाम करत नव्हती. तिचा हात आपोआप वर जायचा. रंगाचा हंडा मात्र आमच्या दोघींचा होता. त्यात तिचाही हात, माझाही हात. ते पाणी कुणी पिणार नव्हतं, म्हणून त्याला विटाळ नव्हता. हे माझ्या ध्यानात आलं होतं.

चैत्रातल्या एका दुपारी बाभळीची साल उकळत होती. ऊन मी म्हणत होतं. मी सकाळपासून काही खाल्लं नव्हतं. ढवळता ढवळता डोळ्यांपुढं काळं आलं आणि मी चुलीशेजारीच खाली बसले. पुढचं मला अर्धवट आठवतं. अक्का धावत आत गेली आणि तांब्या घेऊन आली. एका हातानं माझी मान धरली आणि तांब्या माझ्या ओठांना लावला. मी घटाघटा प्याले. अर्धं पाणी गळ्यावर सांडलं. ती पदरानं वारा घालत राहिली आणि कानडीत काहीबाही पुटपुटत राहिली.

जरा वेळानं मी नीट बसले. अक्काच्या हातात तांब्या तसाच होता. ती त्याच्याकडं बघत होती. मीही बघत होते. मग ती उठली, आत गेली आणि तांब्या माठावर होता तिथं पालथा ठेवला. मला दारातून दिसलं. ना राखेनं घासला, ना विस्तवावर धरला. बाहेर येऊन म्हणाली, "उपाशी कामून येताव? उद्यापासनं आदी भाकर खायची, मंग रंग."

दुसऱ्या दिवशी तिनं तांब्या माझ्यापुढं भुईवर ठेवला. मी उचलून प्याले.

वैशाखात तिचे मालक मेंढरं घेऊन परतले. मला त्या तांब्यानं पाणी पिताना त्यांनी पाहिलं. माझ्यासमोर ते काही म्हणाले नाहीत, मानानं "बाई, बसा" म्हणाले. पण दोन दिवसांनी वाळलेली फुलं पसरताना अक्कानंच सांगितलं, "आमचे मालक रागावले. तांब्या एकच हाय म्हनाले घरात."

मी हातातली फुलं खाली ठेवली. "मग? मी नको येत जाऊ का?"

"मी म्हनलं, तुमच्यासाठी दुसरा आना की. बाजार काय लांब हाय?" आणि ती खो खो हसली.

त्यांनी दुसरा आणला की नाही, ठाऊक नाही. मी मात्र जात राहिले.

लाल रंग तिनं सगळ्यात शेवटी काढला. आमच्याकडं बांधावर बारतोंडीची झुडपं असतात, तिला आल म्हणतात. तिच्या मुळ्या खोल जातात. उकरून काढल्या की आतून हळदीसारख्या पिवळ्या दिसतात, आणि त्यातून निघतो लाल. पण तो पळसासारखा एका दुपारी मिळत नाही. कापड आधी एरंडेल आणि शेळीच्या लेंड्यांच्या पाण्यात भिजवायचं, वाळवायचं, पुन्हा भिजवायचं. आठ दिवस हेच. मग हिरड्याचं पाणी, मग तुरटी, आणि मग मुळीच्या सालीत मंद विस्तवावर ठेवायचं. लेंड्यांचं पाणी कालवताना मी तोंड वाकडं केलं तर अक्का म्हणाली, "लेकराचं करताना घाण वाटती का?" आणि लगेच जीभ चावली तिनं.

मी म्हणाले, "नाही वाटत."

त्या वेळी तिच्याकडचं जुनं कापड संपत आलं होतं. धोतराचा एकच तुकडा राहिला होता. मी खोलीवर गेले आणि ट्रंक उघडली. तळाला आईनं शिवून पाठवलेली झबली होती, चार. दोन टोपडी आणि तीन दुपटी. सगळी पांढरी, वडिलांच्या धुवून धुवून मऊ झालेल्या धोतराची. मार्गशीर्षापासून मी त्या ट्रंकेच्या तळाला हात लावला नव्हता. लुगडीसुद्धा वरच्यावर काढायची. ते सगळं उचलून मी भिंत ओलांडली आणि अक्काच्या पुढ्यात ठेवलं.

तिनं एक झबलं उलगडलं. बंद बघितले. आईची टिपेची शिवण बोटानं चाचपली.

"हे कशाला, बाई?"

"पडून आहे नुसतं."

अक्कानं घमेलं जवळ ओढलं. मग तेलाच्या पाण्यात झबलं हळूच दाबत म्हणाली, "माजे तीन गेले. दोन मेंढरामागं हिंडताना, वाटंतच. एक हितं. तिगांचं तोंड बगितलं मी."

"मी नाही पाहिलं," मी म्हणाले. हे मी तोवर कुणाला सांगितलं नव्हतं. आईलासुद्धा नाही.

"न्हाई बगितलं?"

"पाहू दिलं नाही. मी पण हट्ट नाही केला."

तिनं "असू द्या" म्हटलं नाही. "विसरा" म्हटलं नाही. विचारलं, "मंग कशी दिसत असंल म्हनताव?"

मी सांगायला लागले. मला कसं दिसत होतं ते. नाक माझ्या नवऱ्यासारखं, कपाळ आईसारखं. आम्ही दोघी त्या घाण वासाच्या पाण्यात हात घालून बसलो होतो आणि मी माझ्या मुलीबद्दल बोलत होते. अक्का मधून मधून विचारायची, "आन केस?" मी केसही सांगितले.

पहिला रंग फसला. विटेसारखा मातकट आला. अक्का वैतागली, मुळी कोवळी होती म्हणाली. आम्ही दोघी कुदळ घेऊन पुन्हा बांधावर गेलो, जुनं झुडूप शोधलं आणि दोन सकाळी खोदत राहिलो. दुसऱ्यांदा मात्र रंग धरला. हंड्यातून दांडक्यावर दुपटं वर आलं तेव्हा अक्का ओरडलीच, "आयितु! आयितु!" झालं म्हणून. आम्ही ते ओढ्यावर नेऊन धुतलं. पाणी स्वच्छ निघेपर्यंत धुतलं. रंग राहिला.

लहान लहान लाल कपडे दोरीवर वाळत घातलेले बघून वाटेनं जाणाऱ्या एका बाईनं विचारलं, "कुनाकडं पाळणा हलला वो?" मी काही बोलायच्या आत अक्का म्हणाली, "बाईच्या लेकीचं हाय." त्या बाईला काय समजायचं ते ती समजली आणि गेली. माझ्या लेकीचं म्हणून कुणीतरी पहिल्यांदा मोठ्यानं म्हटलं होतं.

त्या पावसाळ्यात मी वाकळ शिवली. मध्ये झबल्यांचे लाल तुकडे, भोवती केशरी, कडेला माझा तो शेवाळी रंग. अक्काला कड आवडली नाही. अजिबात आवडली नाही. पण टाके घालायला ती रोज दुपारी येऊन बसायची, आणि टाके तिचेच सरळ असायचे.

मला पुढं एक मुलगी झाली आणि मग मुलगा. राज्याचं नाव कर्नाटक झालं. माझी बदली झाली ती नेमकी आळंद तालुक्यात, अक्काच्या माहेरजवळच्या शाळेत. दर पंचमीला ती माहेरी आली की एक दिवस माझ्याकडं यायची. मी शनिवारच्या हस्तकलेच्या तासाला मुलींकडून पळस उकळून घ्यायची. एका मुख्याध्यापकांनी विचारलं, याचा परीक्षेला काय उपयोग? मी म्हटलं, काही नाही, साहेब. त्यांनी करू दिलं. वर्गात एखादी मुलगी गप्प गप्प असली, घरी काही घडलेलं असलं, की मी तिच्या हातात दांडका द्यायची. दुसरं काही विचारत नसे. काहींना बरं वाटायचं, काहींना नाही.

अक्काचे डोळे गेले ते हळूहळू. आधी तिला पिवळं आणि केशरी एकच दिसायला लागलं. मोतीबिंदू होता. तोवर आम्ही गुलबर्ग्याला स्वतःचं घर केलं होतं. मी तिला बोलावून घेतलं, ऑपरेशन झालं, आणि पट्टी निघाल्यावर ती पंधरा दिवस आमच्याकडं राहिली. मोठा काळा चष्मा लावून ती सगळ्या घरात हिंडली आणि एकेक गोष्ट बघितली. पडद्यापाशी थांबली. तो मी रंगवला होता, आणि मला त्याचा अभिमान होता.

"तुरटी जास्त झाली," ती म्हणाली. "आन ढवळताना थांबलीस कुठंतरी. हितं बग, डाग."

आणखी चौदा वर्षं तो पडदा तिथं असता तरी मला तो डाग दिसला नसता. आणि आता इतक्या वर्षांनी ती मला तू म्हणाली होती. तिच्या लक्षात आलं की नाही, कोण जाणे. मी तिथंच उभी राहून हसत होते.

"हसायलीस काय? उतरव. परत काढू."

डॉक्टरांनी तिला धुराजवळ जायला मना केलं होतं. ती अंगणाच्या दुसऱ्या टोकाला खुर्ची टाकून बसली, डोळ्यांवर पदर घेऊन. मी चूल पेटवली. तिथून ती ओरडून सांगत होती, विस्तव कमी कर, आता खाली घे, आता पुन्हा. माझी मुलगी कॉलेजातून आली आणि आमच्याकडं बघत राहिली. मग पुस्तकं ठेवून तिनं माझ्या हातातून दांडका घेतला.

पंधरा दिवसांनी अक्काचा थोरला मुलगा न्यायला आला. जाताना तिनं नवा पडदा पुन्हा एकदा निरखून बघितला. "आता बरं हाय," म्हणाली. मी तिला मोटार स्टँडवर सोडायला गेले. तिनं खिडकीतून माझा हात धरला, माझी नखं बघितली आणि म्हणाली, "लिंबू चोळ. शाळंत पोरं हसतील."

गाडी हलली. मी घरी आले. मुलीनं हंडा घासून ठेवला होता. मी लिंबू कापलं, अर्धं तिला दिलं, अर्धं मी घेतलं, आणि आम्ही दोघी मागच्या दारात बसून नखं चोळत राहिलो.